डायनिंग टेबल घेताय? आधी खुर्चीवर बसून बघा

शोरूममध्ये सगळे टेबलाच्या टॉपवर हात फिरवत बसतात, पण जेवताना त्रास होतो तो खुर्चीच्या उंचीचा. टेबल साधारण 30 इंच उंच असतं, खुर्चीची सीट 18 च्या आसपास हवी, म्हणजे मधे 10-12 इंच राहतात आणि मांड्या टेबलाखालच्या पट्टीला घासत नाहीत. ही पट्टी जरूर बघा, कारण काही डिझाइनमध्ये ती एवढी खाली येते की उंच माणसाचे गुडघे अडकलेच. कुशन जाड असेल तर बसल्यावर किती दबतं तेही बघा, नुसतं टेपने मोजून कळत नाही.

माणशी 24 इंच रुंदी धरा, आपल्याकडे ताट, वाटी, तांब्या सगळंच मांडायचं असतं. टेबलाच्या कडेपासून मागच्या भिंतीपर्यंत 3 फूट सोडा, नाहीतर एकाला उठायचं तर दुसऱ्याला खुर्ची सरकवावी लागते.

घरात आजी-आजोबा असतील तर दोन खुर्च्या हाताच्या घ्या, उठताना आधार होतो, फक्त ते हात टेबलाखाली जातात ना बघा. बाकीच्या बिनहाताच्या आणि रुंद, मांडी घालून बसणारे असतातच! आणि फिकट कापडाची सीट नकोच, हळदीचा डाग सहज जात नाही, रेक्झिन बरं.