भविष्याचा इतिहास रचताना या चुका टाळा: सायन्स फिक्शन कॅम्पेन चालवणाऱ्यांसाठी

मंगळावरचं माझं पहिलं कॅम्पेन (म्हणजे रोल-प्लेइंग गेममधली, अनेक बैठका चालणारी एक लांब गोष्ट) सुरू करण्याआधी मी चाळीस पानांचा इतिहास लिहिला होता. साल २०९० ते २४८०. दोन महायुद्धं, चार करार, एक साथ, तीन राजवटी. पीडीएफ ग्रुपवर टाकली, पाच अंगठे आले. रविवारी सगळे दादरला आमच्याकडे जमले, फासे निघाले, मी आवाज खाली आणून "साल २४८०..." अशी सुरुवात केली. तिसऱ्या मिनिटाला बँकेत नोकरी करणारा मित्र म्हणाला, "अरे, इथे पाणी कुठून येतं? आणि त्याचं बिल कोण भरतं?"

चाळीस पानांत याचं उत्तर नव्हतं. बाकीच्या चौघांनी पीडीएफ उघडलीच नव्हती, हे चहाच्या वेळी कळलं.

त्यानंतर आणखी दोन कॅम्पेन चालवली आणि बऱ्याच चुका करून झाल्या. त्यातल्या नेहमी घडणाऱ्या इथे देतोय. क्रम महत्त्वाचा नाही, पण पहिली चूक टाळली तर निम्म्या बाकीच्या आपोआप टळतात.

पहिल्या वर्षापासून लिहीत सुटणं

लक्षण: तुमच्याकडे सनावळी तयार आहे, पण कॅरॅक्टर (प्लेअर ज्यांची भूमिका करतात ती पात्रं) स्टेशनवर उतरले की तुम्ही गप्प.

सनावळी पुढे पुढे सरकते, खेळणारे मात्र शेवटच्या दिवशी उभे असतात. त्यांना दिसतं ते फक्त उरलेलं: कुणाच्या ताब्यात काय आहे, कुणाला काय परत हवंय, कुणाची कुणाशी बोलाचाली नाही. म्हणून आजपासून मागे जा. आधी चार-पाच चालू भांडणं लिहा आणि प्रत्येकाला विचारा, हे असं का झालं? दोन-तीन पायऱ्या मागे गेलात की पुरे. पाचव्या पायरीपर्यंत कुठलाच प्लेअर खणत नाही. खणलंच, तर चहासाठी सुट्टी द्या आणि तेवढ्यात सुचेल ते लिहा.

पाण्याच्या त्या प्रश्नाने मला हेच शिकवलं. मुंबईचा इतिहास नळाला धरूनही वाचता येतो. विहार तलाव १८६० चा, तानसा १८९२ चा, मग वैतरणा, मग भातसा. शहर फुगलं तसं पाण्यासाठी आणखी लांब जात राहिलं, आणि दर वेळी तिकडच्या गावांची जमीन गेली. इकडे नळ आले तशी शहरातली तळी बुजवली गेली. यात एकही लढाई नाही, तरी अख्ख्या कॅम्पेनला पुरेल एवढा माल आहे. पाणी देणारे कोण, पिणारे कोण आणि मधला पाइप कुणाचा.

सगळं पुसून पाटी कोरी करणं

"२१५० च्या अणुयुद्धात जुनं जग नष्ट झालं." हे वाक्य मीही लिहिलंय. सोय म्हणून लिहितो आपण, दुसरं काही नाही. पुसलं की भूगोल नको, भाषा नको, जात नको, काही शोधायला नको. मग नव्या जगाला नावंही कोरीच मिळतात: नेक्सस प्राइम, न्यू होरायझन, सेक्टर सात. टेबलावर कुणालाही ती दोन आठवडे लक्षात राहत नाहीत.

आता आपण राहतो ते शहर बघा. धोबी तलावाला तलाव नाही. उमरखाडीला खाडी नाही. पायधुनीला पाय धुवायला पाणी नाही. फोर्टच्या भिंती १८६० च्या दशकात पाडल्या, त्यांच्याबरोबर चर्चगेटचं गेटही गेलं, तरी लाखो माणसं रोज चर्चगेटला उतरून फोर्टात कामाला जातात. शेवटची ट्राम १९६४ साली धावली, आणि टॅक्सीवाल्याला आपण आजही 'दादर टीटी' सांगतो. यातला पहिला टी ट्रामचा, हे सांगणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं २०१८ साली, पण आमच्या मातोश्रींचं अजून झालेलं नाही.

इतिहास असा उरतो, वस्तू जाऊन नाव मागे राहतं. म्हणून ठिकाणाला नाव देताना आधी नाहीशी झालेली गोष्ट ठरवा. माझ्या दुसऱ्या कॅम्पेनमध्ये व्हॅलेस मरिनेरिस या मंगळावरच्या प्रचंड दरीच्या कड्यातल्या वसाहतीत 'तिसरी टाकी' नावाचा बाजार होता. पहिल्याच सेशनला कुणीतरी विचारलं, "टाकी कुठाय?" बाजारवाल्या बाईने (म्हणजे मी) सांगितलं, "टाकी नाही, नुसतं नाव आहे. भाजी घ्यायची तर घ्या." पुढची चार सेशन्स ती मंडळी टाकी शोधत होती. मी काहीच ठरवलेलं नव्हतं, रात्री बसून ठरवावं लागलं. काय ठरवलं ते पुढे येईल.

नावांबरोबर घड्याळंही उरतात. देशाची प्रमाणवेळ १९०६ साली आली, पण मुंबईने आपली 'बॉम्बे टाइम' सोडली नाही. ती १९५५ पर्यंत चालत राहिली. दोन्हींत फरक ३९ मिनिटांचा. आता गंमत बघा. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा असतो, म्हणजे आपल्यापेक्षा तेवढीच मिनिटं जास्त. योगायोगच आहे, पण मुंबईच्या जीएमने (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) तो सोडायचा म्हणजे हातचं गिऱ्हाईक परत पाठवणं.

मी तो असा वापरला. कंत्राटी कामगारांना रोजंदारी मिळते दिवसावर, आणि दिवस मोजतात मंगळाचा. मंगळाचं एक वर्ष म्हणजे पृथ्वीचे ६८७ दिवस, पण मंगळाचे सुमारे ६६८. म्हणजे दर मंगळवर्षाला अठराएक दिवसांची मजुरी गायब. कंपनी म्हणते, सूर्य जितक्या वेळा उगवला तितक्या वेळा पैसे दिले. कामगार म्हणतात, घाम तासावर येतो. चाळीस पानी इतिहासाने जे झालं नव्हतं ते या एका हिशेबाने झालं. टेबलावर दोन तट पडले.

माणसं कुठून आली ते न सांगणं

लक्षण: दीडशे वर्षांत वसाहतीची लोकसंख्या दहा कोटी.

कागद-पेन्सिल घ्या. हजार माणसं, वर्षाला दोन टक्के वाढ. संख्या दुप्पट व्हायला साधारण ३५ वर्षं लागतात. १४० वर्षांनी होतात सोळा हजार, म्हणजे एखादी मोठी हाउसिंग सोसायटी. मोठं शहर हवं असेल तर माणसं बाहेरून आणावी लागतात. मुंबई अशीच झाली: १८७२ च्या जनगणनेत साडेसहा लाखांच्या आत, २०११ च्या जनगणनेत सव्वा कोटीच्या आसपास. नुसत्या पाळण्यांनी हे झालं नाही. कोकणातून, घाटावरून आणि देशभरातून माणसं येत राहिली.

मंगळाला जायची सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांनी येते. शंभर वर्षांत एक कोटी माणसं न्यायची तर दर खेपेला दोन लाखांच्या वर न्यावी लागतात, म्हणजे हजार माणसांची दोनशेहून जास्त जहाजं. प्रवास सात-आठ महिन्यांचा. एवढा हिशेब केला की जग आपोआप भरायला लागतं. तिकिटाचं कर्ज कोण देतं? एका खोलीत पाळ्यांनी झोपणारे किती? खाणावळ कुणाची? पैसे घरी जातात का? आणि गणपतीला गावी जायचं तर? दरवर्षी शक्यच नाही. त्या २६ महिन्यांच्या चक्रात चाकरमान्याचं अख्खं पंचांग बदलतं. आमच्या एका प्लेअरने यावरून कॅरॅक्टर काढलं: मंगळावर मूर्ती घडवणारा, जो स्वतः कधी पृथ्वीवर गेलेला नाही.

अंतराचंही असंच. मंगळाला निरोप पोचायला, ग्रह कुठे आहेत त्यावर, तीन ते बावीस मिनिटं लागतात. फोनवरचं संभाषण विसरा, तिथे चालतो पत्रव्यवहार. घाईत केलेले हुकूम आणि उशिरा आलेली माफी, दोन्ही कथेला उपयोगी.

कारण आणि परिणाम एकाच गावात ठेवणं

मंगळावर बंड झालं, कारण मंगळावर जुलूम होता. चूक नाही, पण कंटाळवाणं आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, इथल्या कापसाचा भाव चढला, आणि मुंबईत नुसता पैसा ओतला गेला. समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरपायी शहर वेडं झालं. १८६५ साली यादवी संपली, भाव कोसळला, कंपन्या आणि बँका बुडाल्या. त्या बाजाराचे राजे प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने उभा राहिलेला राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला, तो अजून वेळ दाखवतोय. ज्या युद्धात मुंबईचा एक माणूस गेला नाही, त्याने मुंबई उभीही केली आणि बुडवलीही.

मी हेच उचललं. लघुग्रहांच्या पट्ट्यात सेरेसवर बर्फ आहे. तिथल्या खाणींत यादवी झाली, बर्फ यायचं थांबलं, आणि मंगळावर पाणी साठवणाऱ्या कंपन्यांचं पेव फुटलं. एका कंपनीने तीन टाक्यांचे शेअर विकले. दोन बांधल्या. तिसरीचा खड्डा खणून झाला आणि सेरेसवर तह झाला. खड्ड्यात बाजार बसला. बँकवाल्या मित्राला दीड वर्षाने उत्तर मिळालं: पाण्याचं बिल जातं त्या शेअरहोल्डरांच्या वारसांना.

युद्धाला शेवटची तारीख देऊन फाइल बंद करणं

यावर मी जरा अडूनच बसतो. इतिहासातलं सगळ्यात खेळण्याजोगं काय, तर न मिटलेला दावा. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. तो संपल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनींवर मॉल आणि टॉवर आले, एका गिरणीची चिमणी मॉलच्या आवारात शोभेला राहिली, आणि कामगारांचे वारस म्हाडाच्या सोडतीकडे डोळे लावून बसले. संपाच्या वेळी जन्मलेली माणसं आज चाळिशी ओलांडून गेली आहेत.

तुमच्या सनावळीत '२३९६: कामगारांचा उठाव चिरडला' अशी ओळ असेल, तर ती खोडा आणि लिहा: उठाव मागे घेतला गेला नाही. आता २४८० मध्ये कुणाच्या तरी ट्रंकेत पिवळा पडलेला कागद आहे. कॅम्पेनचा धागा त्या कागदात आहे, सेनापतींच्या नावांत नाही.

थोडक्यात सांगण्यासारख्या दोन

उद्या-परवाची भाकितं करू नका. १९८४ सालच्या 'ट्वायलाइट: २०००' या खेळात नव्वदच्या दशकात नाटो आणि वॉर्सा करारवाल्यांचं महायुद्ध होतं. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघच राहिला नाही. पुढची पन्नास वर्षं धूसर ठेवा, "नोंदी नीट राहिल्या नाहीत" म्हणा.

दुसरी, इतिहासाची एकच खरी प्रत ठेवणं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा एकच आहे. पण आमच्या टेबलावर त्या दिवसाच्या सहा गोष्टी आहेत, आणि दोघांचं अजून पटत नाही की कुर्ल्याला पाणी आधी चढलं की कलिन्याला. घटनेची एक ओळ तुम्ही द्या, आठवण प्रत्येक प्लेअरला सांगू द्या. कुणाची आठवण तुमच्या नोंदीशी जुळली नाही तर प्लेअरला दुरुस्त करू नका. नोंद करणारा कारकून कुणाचा माणूस होता, ते ठरवा.

मग सुरुवात कशी करायची

एकट्याने लिहू नका. १९८६ सालच्या 'ट्रॅव्हलर: २३००' चा तीनशे वर्षांचा इतिहास त्याच्या निर्मात्यांनी आपापसांत देश वाटून घेऊन खेळून काढला होता. तेवढा वेळ कुणाकडे नसतो. २०११ साली आलेला 'मायक्रोस्कोप' हा खेळ त्याच कामाचा आहे. टेबलावर कार्डं मांडायची, काळ मागेपुढे हवा तसा उघडायचा, कुणीही कुठेही घटना घुसवायची. आम्ही तो नीट नियमाने खेळत नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, दोन तास, प्रत्येकी तीन कार्डं. एकच अट, कार्डावर 'आज याचं काय उरलंय' हे लिहिलंच पाहिजे. नसेल तर कार्ड बाद.

मागच्या महिन्यात बँकवाल्याने त्याच्या कार्डावर फक्त एक आकडा लिहून आणला. ३९ मिनिटांच्या मजुरीची २३९६ पासूनची थकबाकी, चव्वेचाळीस मंगळवर्षांची, माणशी जवळजवळ आठशे दिवसांचा पगार. आज काय उरलंय, या रकान्यात त्याने लिहिलं होतं: 'मुद्दल. व्याज अजून धरलेलं नाही.' ते सरळ धरायचं की चक्रवाढ, यावर गेल्या रविवारचं अख्खं सेशन गेलं. फासे डब्यातून बाहेरही निघाले नाहीत.