रॉक बँड कानानं कसे ओळखायचे

पहिलं काम, मोबाइलचा स्पीकर बंद करा. त्यातून बेस गिटार, म्हणजे खालच्या जाड सुरांची गिटार, येतच नाही, आणि बँडची निम्मी ओळख तिथं असते. साधे वायरवाले इयरफोन चालतील. मी मिरजेत साउंडचं काम करतो. गणपतीतला ऑर्केस्ट्रा असो की शास्त्रीय मैफल. त्यामुळं माझी पद्धत गायकापासून सुरू होत नाही. शब्द पहिल्या खेपेला कळले नाहीत तरी बिघडत नाही. आधी ड्रम पकडायचा, मग बेस, मग गिटार, शेवटी गळा. आणि जोडीला एक चौकशी करायची: ही पोरं कुठली, बँडआधी काय करत होती?

सुरुवात ब्लॅक सॅबथपासून करा. एवढं कर्कश आधी कशाला, असं भाचाही म्हणाला होता. पण ह्यांचा आवाज असा का झाला ते लगेच दाखवता येतं. बर्मिंगहॅमचा ॲस्टन भाग कारखान्यांचा. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात होता, आणि नोकरीच्या शेवटच्याच दिवशी उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीननं नेली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं आणि गिटारवर पातळ तारा चढवल्या. पुढं १९७१ च्या अल्बमात काही गाण्यांसाठी तारा काळ्या-पांढऱ्या धरून तीन पट्ट्या खाली उतरवल्या. तार सैल पडली, आवाज जाड झाला. हेवी मेटलवाले आजही तारा उतरवतात, त्याची सुरुवात ह्या दुखऱ्या बोटांत आहे.

आता १३ फेब्रुवारी १९७० ला आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमातलं पहिलं गाणं लावा. बँडचं, अल्बमचं, गाण्याचं नाव एकच. पाऊस, घंटा, आणि मग तीन सूर: खालचा सा, वरचा सा, तिथून उतरून तीव्र मध्यम. घरी पेटी असेल तर हे तीन सूर सावकाश वाजवून बघा. पंचम नाही, शुद्ध मध्यम नाही, कानाला टेकायला जागाच ठेवलेली नाही. भीती वाटते ती तिथं. शब्द कळायच्या आधीच काम झालेलं असतं.

दुसरे रोलिंग स्टोन्स. गायक मिक जॅगर आणि गिटारवाला कीथ रिचर्ड्स लंडनजवळच्या डार्टफर्डचे. १९६१ मध्ये तिथल्या स्टेशनवर दोघं भेटले तेव्हा मिककडं चक बेरी आणि मडी वॉटर्स ह्या अमेरिकन गायकांच्या रेकॉर्डी होत्या, आणि बँडचं नावही मडी वॉटर्सच्या गाण्यावरून आलं. कीथची युक्ती मिरजेच्या माणसाला चटकन कळेल. तो गिटारची सगळ्यात जाड तार काढूनच टाकतो आणि उरलेल्या पाच तारा लावतो सा, प, सा, ग, प. जुळलेल्या तंबोऱ्यात जो गंधार आपोआप उमटतो, तो इथं सरळ तारेवरच बसवलाय. 'स्टार्ट मी अप'ची सुरुवात ऐका, मोकळ्या तारांची ती गाज लगेच ओळखू येते. मग जुन्या कार्यक्रमाचा एखादा व्हिडिओ लावा आणि मिककडं बघायचंच नाही. मागं ड्रमर चार्ली वॉट्सकडं बघा. मन जॅझमध्ये रमलेला माणूस. स्नेअरवर, म्हणजे कडक आवाजाच्या ड्रमवर, काठी पडते त्या क्षणी त्याचा उजवा हात हाय-हॅटवरून, म्हणजे झांजांच्या जोडीवरून, उचललेला असतो. त्यामुळं तो ठोका एकटा, सुटा ऐकू येतो. हे एकदा दिसलं की डोळे मिटूनही चार्ली ओळखाल.

बीटल्सवर वाचायला एवढं आहे की मी लांबण लावत नाही. लिव्हरपूलची पोरं, हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र रात्र वाजवून तयार झालेली. ११ फेब्रुवारी १९६३ ला एका दिवसात दहा गाणी रेकॉर्ड केली, शेवटचं 'ट्विस्ट अँड शाउट'. जॉन लेननला सर्दी, दिवसभर गाऊन घसा फाटलेला, आणि तो फाटलेलाच ऐकू येतो. त्यांच्यातल्याच जॉर्ज हॅरिसनच्या 'द इनर लाइट' ह्या गाण्याचं वादन मात्र जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, आपल्याकडच्या वादकांनी वाजवलेलं आहे.

साउंडवाल्यांनी लेड झेपलिनला जास्त वेळ द्यावा. १९७१ चं 'व्हेन द लीव्ही ब्रेक्स' लावा आणि पहिले ठोकेच पुन्हा पुन्हा ऐका. हेडली ग्रेंज ह्या जुन्या इमारतीत जॉन बॉनमचे ड्रम जिन्याच्या खाली हॉलमध्ये मांडले होते, आणि माइक होते दोन, वर जिन्यात टांगलेले. ड्रमला चिकटून माइक नाही. आमच्या मांडवात प्रत्येक ढोलाला वेगळा माइक लागतो, तरी सगळं चपटं! इथं ऐकू येतो तो ड्रम आणि ती जागा, दोन्ही एकत्र. बँडमधले जिमी पेज आणि जॉन पॉल जोन्स आधी दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला वाजवणारे स्टुडिओतले कसलेले वादक होते, म्हणून माइक कुठं टांगायचा हाही त्यांना वाजवण्याचाच भाग वाटायचा.

पिंक फ्लॉइडसाठी हातावर ताल धरा. रॉजर वॉटर्स, निक मेसन, रिचर्ड राइट हे लंडनमध्ये आर्किटेक्चर शिकत होते, आणि त्यांची गाणीही नकाशा काढून बांधल्यासारखी. १९७३ च्या 'मनी'मध्ये नाणी, गल्ला, फाटणारा कागद ह्यांचे आवाज टेपचे तुकडे जोडून सात मात्रांत बसवलेत. रूपक मोजणाऱ्याला अडचण नाही. सॅक्सोफोन सातातच वाजतो. डेव्हिड गिल्मोरची गिटार सुरू झाली की मात्रा मोजा, गाणं चारात गेलेलं असेल.

पॉप म्हणजे हलकं, असं वाटत असेल तर स्टॉकहोमच्या ॲबाकडं या. त्यांचा रेकॉर्डिस्ट मायकेल ट्रेटोव्ह तीच साथ दोनदा वाजवून घ्यायचा, दुसऱ्या वेळी टेपचा वेग किंचित बदलून. सुरांत केसाएवढा फरक पडतो आणि साथ रुंद होते.

क्वीन शेवटी ठेवा, सगळी सवय तिथं वापरता येते. फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, तिथल्या पोरांच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. ब्रायन मेनं वडिलांबरोबर घरी बनवलेल्या गिटारचा दांडा जुन्या शेकोटीच्या लाकडाचा आहे, आणि तो ती सहा पेन्सच्या नाण्यानं छेडतो. म्हणून सुराच्या तोंडाशी थोडी खरखर येते. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'मधला तो मोठा कोरस तिघांचाच आहे, टेपवर थर चढवत नेलेला: फ्रेडी मधल्या पट्टीत, ब्रायन खाली, ड्रमर रॉजर टेलर वर. सगळा कोरस एकदम ऐकू नका. आधी रॉजरला पकडा, सगळ्यात वरचा, तो पहिल्यांदा सापडतो. मग खालचा ब्रायन.