उतारवयातील नजर: केवळ चष्म्याच्या नंबरावर विसंबू नका

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याच्या जिन्यात गेल्या पावसाळ्यात मावशीचा पाय शेवटच्या पायरीवर चुकला, तेव्हा आम्ही चष्म्याला दोष दिला. तपासणी केली, तर नंबर तोच होता. पायऱ्या शहाबादी फरशीच्या, खालचा बोळही त्याच फरशीचा आणि वर मिणमिणता पिवळा दिवा, त्यामुळे करड्यावरची करडी कड तिला दिसलीच नव्हती.

नंबर ठीक म्हणजे नजर ठीक, हे समजणे ही सर्वांत मोठी चूक आहे. दवाखान्यातल्या नेहमीच्या तक्त्यावर पांढऱ्यावर काळीभोर अक्षरे असतात. फिक्या छटांमधला फरक ओळखण्याची क्षमता, म्हणजेच कॉन्ट्रास्ट सेन्सिटिव्हिटी, त्यातून कळत नाही. त्यासाठी 1988 पासून पेली-रॉबसन तक्ता आहे, ज्यात अक्षरांचा आकार एकच राहतो आणि ती फिकट होत जातात. डॉक्टरांकडे ही तपासणी आपणहून मागावी.

दुसरी चूक रंगावर भिस्त ठेवण्याची. वयानुसार डोळ्यातले भिंग पिवळसर होते आणि निळा प्रकाश अडवते. मावशीने संक्रांतीसाठी लक्ष्मी रोडवरून काळी समजून आणलेली साडी सुनेने गॅलरीतल्या उजेडात धरली, तर ती गडद निळी निघाली. साडीचे हसण्यावारी नेता येते, गोळ्यांचे नाही. म्हणून ‘निळी सकाळी, हिरवी रात्री’ असे न सांगता डबीवर जाड काळ्या पेनाने वेळ लिहावी. इशिहाराच्या ठिपक्यांची चाचणी लाल-हिरव्या दोषासाठी आहे, त्यामुळे तीत उत्तीर्ण झालेल्या माणसालाही ही अडचण असू शकते.

बाहुलीही लहान होत असल्याने साठीत दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. यावर उघडा प्रखर बल्ब लावणे मात्र चुकीचे आहे, कारण गढूळ भिंगात प्रकाश विखुरतो आणि डोळे दिपतात. झाकलेले दिवे जिन्याच्या वर आणि खाली लावावेत. आम्ही प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी मारली; दहीभातही आता पांढऱ्या ताटलीऐवजी गडद ताटलीत वाढतो.

‘वयच झाले’ म्हणून दुर्लक्षही करू नये. बदल अचानक झाला किंवा एकाच डोळ्यात जाणवला, तर लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. मावशीला मोतीबिंदू निघाला. एका डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिने कपाट उघडले आणि ती साडी निळी असल्याचे प्रथमच मान्य केले.