जुन्या बाटलीच्या बुडाशी काय लिहिलंय? काच कारखान्याची खूण अशी वाचा

मामाच्या घरच्या माळ्यावर मला गोटी सोड्याची एक जाड, हिरवट बाटली सापडली. पोटावर मुंबईच्या सोडावाल्याचं नाव उठावात होतं, त्यामुळे बाटली मुंबईचीच असं मी दोन वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो. एकदा धुताना तळालगत बोटाला बारीक अक्षरं लागली आणि बाटली निघाली इंग्लंडची!

ही चूक बहुतेकांची होते. पोटावरचं ठसठशीत नाव बाटली भरणाऱ्याचं असतं, मग तो सोडावाला असो की औषधवाला. काच ओतणारा कारखाना आपली खूण बुडावर नाहीतर बुडाच्या कडेला बोटभर वर, बारीक अक्षरांत टाकतो. म्हणून बाटली आधी उलटी करा.

खूण दिसत नसेल तर कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश पुरतो. उकळतं पाणी ओतू नका, जुनी काच तडकते. आतल्या चिखलासाठी बाटली रात्रभर भिजत ठेवा, मग मूठभर तांदूळ आणि पाणी घालून हलवा. तारेची घासणी मात्र लांबच ठेवा.

आता खोलीतला दिवा बंद करून टॉर्च बाजूने, अगदी आडवा धरा. समोरून उजेड पाडला तर उठाव सपाट दिसतो. आडव्या उजेडात अक्षरांची सावली पडते. तरीही वाचता येईना, तर पातळ कागद धरून वर शिसपेन्सिल घासा, लहानपणी नाण्यावर घासायचो तशी. दिसेल ते जसंच्या तसं वहीत उतरवा: टिंब, आकडा, चौकट, कोणता आकडा कुठल्या बाजूला आहे तेही. पुसट अक्षर अंदाजाने पुरं करण्याचा मोह टाळा.

माझ्या बाटलीवर रोमन लिपीत ‘सी. एस. अँड को.’ होतं, म्हणजे लिव्हरपूलजवळच्या सेंट हेलेन्स गावचा कॅनिंग्टन शॉ कारखाना. खरी गंमत पुढच्या ‘एल. डी.’ या दोन अक्षरांत होती. ‘लिमिटेड’ लिहायची ही जुनी इंग्रजी पद्धत. ही कंपनी लिमिटेड झाली १८९२ साली आणि १९१३ मध्ये दुसऱ्या कारखान्यांबरोबर युनायटेड ग्लास बॉटल मॅन्युफॅक्चरर्समध्ये विलीन झाली. दोन अक्षरांनी बाटलीचं वय वीसेक वर्षांच्या टप्प्यात आणून ठेवलं. शेजारचा आकडा बहुधा साच्याचा. त्याला साल समजू नका.

अमेरिकन बाटली असेल तर काम आणखी सोपं होऊ शकतं. आडवा चौकोनी हिरा, त्यावर लंबगोल आणि मधोमध ‘आय’ अशी खूण ओवेन्स-इलिनॉय या कंपनीची. ती १९२९ मध्ये स्थापन झाली आणि १९५०च्या दशकाच्या मध्याला खुणेतला हिरा गेला. खुणेच्या डावीकडचा आकडा कारखान्याचा (९ म्हणजे इलिनॉय राज्यातलं स्ट्रीटर), उजवीकडचा सालाचा. घोळ असा की साल बऱ्याचदा एकाच आकड्यात असतं. उजवीकडे ६ दिसला तर १९३६ की १९४६? नुसत्या खुणेवरून ते ठरत नाही.

खूणच सापडली नाही, तर बाटलीच्या अंगाकडे वळायचं. साच्याची शिवण, म्हणजे साच्याचे भाग जुळतात तिथली उभी रेघ, खालून वर बोटाने चाचपा. ती ओठावरून पार पलीकडे जात असेल तर बाटली यंत्रावरची. मायकल ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलं, तेव्हा अशी बाटली त्याआधीची असणं कठीण. शिवण गळ्यातच विरत असेल तर ओठ बहुतेक हाताने घडवलेला, म्हणजे बाटली जुनी असण्याची शक्यता जास्त. गोटीच्या बाटलीला मात्र हा नियम डोळे झाकून लावू नका. तिचं तोंड गोटी आत टाकल्यावर वेगळं घडवायचे.

आणि गोटीची बाटली बाजारातून विकत घेत असाल तर जरा थांबा. हायरम कॉड या इंग्रजाची ही करामत १८७०च्या दशकातली, पण तशाच घडणीच्या बाटल्या भारतात पुढेही बनत राहिल्या. नवी बाटली मातीत लोळवून ‘ब्रिटिशकालीन’ म्हणून खपवणारे असतात. बुडाची कड भिंगाखाली धरा. वर्षानुवर्षं फळीवर, खोक्यात सरकलेल्या बाटलीच्या कडेवर वेड्यावाकड्या दिशांचे बारीक ओरखडे असतात. सगळे ओरखडे एकाच दिशेचे, ताजे पांढरे दिसले तर सॅंडपेपरची आठवण ठेवा आणि भाव विचारायच्या फंदात पडू नका.