आठ वर्षांचं बिल एकत्र मांडा

सासरे दर रविवारी सांगलीहून फोन करायचे आणि विचारायचे, “पोरीची बारावी झाली, मग मेडिकलला का घालत नाही?” भारतात बारावी, नीट आणि थेट एमबीबीएस. इथं अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल. हे त्यांना समजावता समजावता मलाच एक गोष्ट उमगली, आणि न्यू जर्सीत नव्याने आलेल्या मराठी घरांना ती कळकळीने सांगावीशी वाटते. अंडरग्रॅडचा, म्हणजे त्या पहिल्या पदवीचा, खर्च एकटा बघू नका, तो आठ वर्षांच्या बिलाचा पहिला हप्ता आहे.

2024 च्या एप्रिलमध्ये आमच्या डायनिंग टेबलावर दोन पत्रं होती. एक नावाजलेल्या खाजगी कॉलेजचं: राहण्याजेवणासह वर्षाला 90 हजार डॉलर, त्यातून 15 हजारांची स्कॉलरशिप. दुसरं रटगर्सचं, म्हणजे न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठाचं: राज्यातल्या मुलांना फी 18 हजारांच्या आसपास, हॉस्टेल आणि जेवण धरून साधारण 35 हजार. नवऱ्याने वहीत आठ रकाने आखले, पहिले चार भरले आणि पेन खाली ठेवलं. उरलेले चार लेकीने भरले, पेन्सिलीने. खाजगी मेडिकल स्कूलचा चार वर्षांचा खर्च आज चार लाख डॉलरच्या घरात जातो. मग तिने दोन अंडरग्रॅड कॉलेजांतला फरक काढला: एक लाख साठ हजार. “आई, हे पैसे मला नंतर लागणारेत,” एवढंच म्हणाली, आणि रटगर्सला गेली.

पुढच्याच वर्षी कर्जाचे नियम बदलले आणि ती वही किती मोलाची होती ते कळलं. 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस, म्हणजे पदवीनंतरच्या शिक्षणाचं एक सरकारी कर्ज, बंद झालं. मेडिकलच्या विद्यार्थ्याला केंद्र सरकारकडून आता वर्षाला जास्तीत जास्त 50 हजार आणि एकूण दोन लाख. त्यावरचं सगळं खाजगी कर्ज, आणि त्यावर बहुतेक वेळा आईबापांचीही सही लागते.

खाजगी कॉलेजच्या टूरवर आम्हाला सांगितलं होतं, “आमची नव्वद टक्के मुलं मेडिकलला लागतात.” मी भारावून गेले होते. नंतर खरी मेख कळली. काही कॉलेजांत मेडिकलच्या अर्जासोबत कॉलेजच्या समितीचं शिफारसपत्र देतात. जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, कमी असलेल्यांना ते पत्र मिळत नाही, किंवा “यंदा थांबा” म्हणतात, आणि टक्केवारी निघते ती उरलेल्यांवर. त्यामुळे टक्का विचारूच नका. पहिल्या वर्षी किती मुलं डॉक्टर व्हायचं म्हणून आली, आणि त्यातल्या किती जणांनी शेवटी अर्ज केला, हे विचारा. उत्तर गोलगोल आलं तर तेच उत्तर समजा.

प्रीमेड, म्हणजे मेडिकलची पूर्वतयारी, हा काही मेजर (पदवीचा मुख्य विषय) नाही. बायॉलॉजी, केमिस्ट्री, ऑर्गॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, बायोकेमिस्ट्री हे विषय लॅबसकट करायचे, मेजर कुठलाही चालतो. खरा कस लागतो तो जीपीएचा. एएमकास, म्हणजे मेडिकलचा सामाईक अर्ज, कॉलेजचे सगळे ग्रेड मोजतो. शाळेत असताना कम्युनिटी कॉलेजात घेतलेले क्रेडिटही त्यात येतात, आणि विषय पुन्हा केला तरी जुना ग्रेड पुसला जात नाही. लेकीला केमिस्ट्रीच्या पहिल्या मिडटर्मला 61 मिळाले. तीनशे मुलांचा वर्ग, तिला कोण ओळखणार? तेव्हापासून ती दर बुधवारी सोडवलेल्या गणितांची वही घेऊन प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे मुलांना भेटायच्या ठरलेल्या वेळेला, जाऊन बसायची. सेमिस्टर संपेपर्यंत ग्रेड सुधारला, आणि पुढे शिफारसपत्रही त्याच प्राध्यापकांनी द्यायचं कबूल केलं. स्वस्त मोठ्या कॉलेजात हे आपणहून करावं लागतं, मुलांना आधीच सांगून ठेवा.

आणखी एक गोष्ट मी नकाशावर बघितली होती: हॉस्पिटल किती लांब आहे. रटगर्स आहे त्या न्यू ब्रन्सविकला रॉबर्ट वुड जॉन्सन हॉस्पिटल कॉलेजच्या शेजारीच. लेक शनिवारी सकाळी चालत व्हॉलंटियरिंगला जाते. गाडी नाही, इन्शुरन्स नाही, तोही खर्च वाचला.

हायस्कूलमध्ये पहिल्या 15 टक्क्यांत असाल तर एनजे स्टार्स या राज्याच्या स्कॉलरशिपमधून काउंटी कॉलेजची (दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजची) ट्यूशन माफ होते. चांगली वाट आहे, पण विज्ञानाचे मुख्य विषय चार वर्षांच्या कॉलेजात केलेले बऱ्याच मेडिकल स्कूल्सना जास्त पसंत असतात. एपीच्या, म्हणजे हायस्कूलमध्येच केलेल्या कॉलेजच्या पातळीच्या कोर्सच्या, क्रेडिटचंही तसंच, प्रत्येक स्कूलचा नियम बघा.

मुलं एच-4 वर, म्हणजे आईबापांच्या एच-1बी वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असतील तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी व्हिसाचं बघा. कित्येक मेडिकल स्कूल्स नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांनाच घेतात, आणि 21 व्या वर्षी एच-4 संपतो. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला हे तिसऱ्या वर्षाला कळलं, तोवर त्याच्या घरच्यांनी खाजगी कॉलेजची तीन वर्षांची फी भरलेली होती.