खोकला नाही म्हणून हवा सोसतेय असं समजू नका: प्रदूषण, वयस्कर माणसं आणि त्याच त्या चुका

हृदयाच्या आणि फुप्फुसांच्या रुग्णांचे व्यायाम घेणं हे माझं सोळा वर्षांचं काम. येणारी बहुतेक माणसं साठी-सत्तरीच्या पुढची. हवा बिघडली की त्यांच्या घरून फोन सुरू होतात, आणि दर वर्षी चुका त्याच असतात. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते आहे.

खोकल्याची वाट बघणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. धूर म्हणजे फुप्फुसं आणि फुप्फुसं म्हणजे खोकला, असं गणित लोकांच्या मनात पक्कं बसलंय. आईबाबा खोकत नाहीत, म्हणजे ठीक आहेत.

पीएम २.५ म्हणजे हवेतले २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे पंचवीसेक कण शेजारी शेजारी मावतील. नाक, घसा त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत जातात, आणि त्यातले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. फुप्फुसात दाह सुरू होतो आणि त्याची झळ साऱ्या शरीराला बसते. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, रक्त लवकर गोठू लागतं. वयामुळे ज्या धमनीत आधीच चरबीचा थर साचलाय, तिथे एवढं निमित्त पुरतं. काही तास ते काही आठवडे अशा हवेत राहिल्यानेही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० मध्येच स्पष्ट सांगितलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये बाहेरच्या प्रदूषित हवेमुळे जगात ४२ लाख अकाली मृत्यू झाले. त्यातले सुमारे ६८ टक्के हृदयविकार आणि पक्षाघाताचे होते.

शिवाय वय वाढतं तशी खोकल्याची उबळच मंदावते. श्वासनलिकेतली घाण वर ढकलणारे बारीक केसही सुस्तावतात. तेव्हा म्हातारं माणूस खोकत नाही, याचा अर्थ आत काही साचत नाही असा होत नाही.

एक काका आठवतात. वय बहात्तर, पूर्वी एकदा झटका येऊन गेलेला. दोन आठवडे हवा वाईट होती म्हणून ते व्यायामाला आले नव्हते. मग मुलगा घेऊन आला. म्हणाला, "बाबांना खोकला अजिबात नाही, फक्त थकतात. वय झालंय आता." काका बूट काढायला खुर्चीत बसले. बुटाच्या नाड्या नुसत्या अडकवलेल्या, बांधलेल्या नव्हत्याच. मोजा खाली ओढला तर रबराच्या जागी पोटरीभोवती खोल खाच. नडगीवर अंगठा दाबून उचलला, तर खड्डा तसाच राहिला. मी विचारलं, "काका, झोपताना उशा किती घेता?" आधी एक होती, मग दोन, मग तीन. गेल्या दोन रात्री ते खुर्चीत बसून झोपले होते, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. "कशाला उठवायचं सगळ्यांना," म्हणाले. वजन काट्यावर चार किलोने जास्त.

व्यायाम बाजूला ठेवला आणि त्यांना तडक रुग्णालयात पाठवलं. हृदयाचा पंप कमी पडत होता, अंगात आणि फुप्फुसात पाणी साचलं होतं. म्हणून पायाला सूज, वजन जास्त, आणि आडवं पडलं की श्वास कोंडत होता. एका माणसाच्या बाबतीत, हे हवेनेच झालं असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण हवा बिघडली की हृदय निकामी होण्याच्या त्रासाने दाखल होणाऱ्यांची संख्या वाढते, हे अनेक ठिकाणी दिसून आलेलं आहे. काका वाचले. आणखी दोन रात्री गेल्या असत्या तर काय झालं असतं, हा विचार मला अजून सोडत नाही.

तेव्हापासून ज्याला हृदयाचा त्रास आहे त्याच्या घरी मी एक वही सुरू करायला लावते. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, रोज त्याच काट्यावर वजन करायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. सोबत उशा किती ते लिहायचं आणि मोज्याची खाच बघायची. "बरं आहे ना?" असं विचारू नका, म्हातारी माणसं "हो"च म्हणतात. "गेल्या आठवड्यात जमत होतं असं कोणतं काम आज जमत नाहीये?" असं विचारा. जिन्यात मध्येच थांबणं, आंघोळीनंतर धापा टाकणं, हे त्यातूनच कळतं.

"पहाटेची हवा शुद्ध असते"

हा समज लोकांच्या गळी इतका उतरलाय की काढता काढता मी थकते. थंडीत रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा गार होते, आणि वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. गाड्यांचा, चुलींचा, कारखान्यांचा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. ऊन चढलं की हवा वर-खाली मिसळते आणि धूर पांगतो. म्हणजे थंडीत पहाटे साडेपाचला फेरफटका मारणारे आजोबा बऱ्याचदा दिवसातली सगळ्यात वाईट हवा छातीत भरून घेतात, आणि तीही भरभर चालत. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये हेच झाकण पाच दिवस हललं नाही. त्या वेळच्या पहिल्या मोजणीत सुमारे ४,००० जास्तीचे मृत्यू निघाले, नंतरच्या अभ्यासांनी आकडा १२,००० पर्यंत नेला. वयस्कर माणसं आणि आधीच हृदयाचे-फुप्फुसांचे आजार असलेले त्यात सर्वाधिक होते.

यावर लोकांना एक ओळीचा नियम हवा असतो. तसा नियम नाही. उन्हाळ्यात उलटं होतं. कडक उन्हात जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि दुपारी तो सर्वाधिक असतो, म्हणून त्या दिवसांत सकाळ बरी. त्या दिवशीची, त्या तासाची हवा बघा. मोबाइलवर मोठ्या अक्षरात दिसणारा हवेचा निर्देशांक (एक्यूआय) बऱ्याचदा चोवीस तासांची सरासरी असतो. तासागणिक आकडे उघडा, आणि हवा मोजणारं केंद्र घरापासून किती लांब आहे तेही बघा. निर्देशांकाच्या पायऱ्या प्रत्येक देशात वेगळ्या असतात, म्हणून मी थेट पीएम २.५ चा आकडा बघते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा चोवीस तासांसाठी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम, आणि वर्षाच्या सरासरीसाठी ५.

आता दुसरं टोक. घाबरून चालणंच बंद करणारे. सत्तरीत एक महिना बसून काढला की पायातली गेलेली ताकद परत आणायला कित्येक महिने लागतात, हे मी रोज बघते. हवा वाईट असेल तर घरातल्या घरात चाला, खुर्चीतून उठ-बस करा. हवा बरी असेल तर बाहेर पडा, पण मोठा रस्ता सोडून आतल्या गल्लीने.

प्युरिफायर आणून तीन दिवसांत निकाल लावणं

"आणलं, पण बाबांना काही फरक नाही." यंत्र दिवाणखान्याच्या कोपऱ्यात सोफ्यामागे, दारं-खिडक्या सताड उघड्या, बाबा आतल्या खोलीत. फरक पडणार कुठून? ते झोपतात त्या खोलीत ठेवा, भिंतीपासून सुटं, दार लावून, रात्रभर चालू. हेपा फिल्टरचं, म्हणजे बारीक कण अडवणाऱ्या जाळीचं घ्या, आणि खोलीच्या आकाराला पुरेल एवढं. आयन किंवा ओझोन सोडणारी यंत्रं घेऊच नका, ओझोनने फुप्फुसांना इजाच होते. मी फिल्टर बसवल्याची तारीख पेनाने फिल्टरच्या कडेवरच लिहिते. आणि कुंड्या ठेवल्याने खोलीतली हवा शुद्ध होत नाही.

त्याच बंद खोलीत डासांची कॉइल लावणारेही भेटतात. एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींएवढे सूक्ष्म कण सोडते, असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. मच्छरदाणी लावा.

मास्क

कापडी मास्क या कणांसाठी फारसा कामाचा नाही. एन-९५ लावायचा तर दोन्ही पट्ट्या डोक्यामागे, नाकावरची पट्टी दाबलेली. दाढी असेल तर कडेने हवा शिरतेच. बसल्या जागी धाप लागणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

पंप मनाने बंद करणं

श्वासाचा रोजचा पंप, म्हणजे इनहेलर, आठ दिवस ओढायचा, बरं वाटलं की सोडायचा. नाहीतर "फरकच नाही" म्हणून सोडायचा. या उतावीळपणाचा मला मनापासून राग येतो, कारण नंतर तेच माणूस मध्यरात्री तडफडतं. रोजचा पंप सूज दाबून ठेवतो, त्याला काही आठवडे द्यावे लागतात. धाप लागल्यावर घ्यायचा तो वेगळा. हात थरथरत असतील तर फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामधली नळी) जोडा, हळू आणि खोल श्वास घ्या, दहा सेकंद धरा. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरा.

ऑक्सिमीटरवर विसंबणं

ऑक्सिमीटर म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र. बोट गार असेल किंवा नखांना रंग असेल तर आकडा चुकतो. आणि आकडा बरोबर असला तरी ९६ दिसलं म्हणजे हृदय ठीक, असं अजिबात नाही. उतारवयात झटका छातीत न दुखताही येतो. एकाएकी धाप, गार घाम, मळमळ, विचित्र थकवा, बोलताना गोंधळ, यातलं काहीही अचानक सुरू झालं तर ऑक्सिमीटर शोधत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा.