बालवाडीच्या ताईंना मुलांशी गप्पा मारायला मदत कशी करायची

पुण्यातल्या अनेक बालवाड्या-अंगणवाड्यांत गाणी असतात, तक्ते असतात, हजेरी असते; गप्पा कमी असतात. ताई दिवसभर बोलत असतात, पण 'हाताची घडी', 'रांग लावा', 'हा कोणता रंग?' यापलीकडे ते बोलणं फारसं जात नाही. पर्यवेक्षिका किंवा प्रशिक्षक म्हणून तुम्हाला एकच गोष्ट घडवायची आहे: मूल काही म्हणालं की ताईंनी ते धरून पुढे न्यावं, आणि बोलायची पाळी पुन्हा मुलाकडे यावी. अशी एक ये-जा म्हणजे एक फेरी.

आधी एक अट. तपासणीचा दिवस वेगळा आणि मदतीचा दिवस वेगळा ठेवा. मदतीच्या दिवशी रजिस्टर उघडू नका, पोषण ट्रॅकरची (अंगणवाडीच्या नोंदी भरायच्या सरकारी ॲपची) चौकशी करू नका. जिच्या अहवालावर आपलं काही अवलंबून आहे तिच्यासमोर ताई नेहमीसारख्या वागणारच नाहीत. पाठ केलेली बडबडगीतं म्हणून घेतील. म्हणून पहिल्या भेटीत काही लिहूच नका. चटईवर बसा, ठोकळे आवरू लागा, खिचडी वाढायला हात लावा.

दुसऱ्या भेटीत २० मिनिटं लिहा. गोलातल्या गाण्यांची वेळ नको, मुक्त खेळाची किंवा खाऊची घ्या. कागदावर तीन रकाने आखा: वेळ, ताई काय म्हणाल्या, मूल काय म्हणालं किंवा काय केलं. शब्द जसेच्या तसे उतरवा. 'ताई प्रेमळ आहेत' या नोंदीचा कुणालाच उपयोग नाही. उपयोगी नोंद अशी दिसते:

मूल, रंगवताना: काल आमच्याकडं टँकर आला होता.
ताई: हो का? बघ, रंग रेषेबाहेर चालला.

विषय संपला. हीच जागा पुढे अशी जाऊ शकते:

मूल: काल आमच्याकडं टँकर आला होता.
ताई: टँकर! मग वस्तीत गडबड झाली असेल.
मूल, जरा थांबून: आईनं हंडा नेला. मी कळशी नेली.
ताई: तू कळशी नेलीस? भरल्यावर उचलली कशी?
मूल: नाय उचलली. दादानं धरली. मग सांडलं.

इथे ताईंनी खरं उत्तर हवं असलेला प्रश्न एकच विचारला. त्याआधी नुसतं मुलाचं बोलणं उचललं आणि थांबल्या. तेवढ्यात मुलानं वस्तूंची नावं, घटनांचा क्रम, कोणी काय केलं, सगळं सांगून टाकलं.

लिहून झालं की नोंदीवर खुणा करा. सूचना किती, एकाच शब्दात उत्तर येणारे प्रश्न किती, दोनपेक्षा जास्त फेऱ्या किती वेळा झाल्या. दुसऱ्या कागदावर हजर मुलांची नावं लिहून ताई ज्याच्याशी एकट्याशी बोलल्या त्याच्यापुढे टिंब द्या. पुढे बसणाऱ्या चार-पाच मुलांपुढे टिंबं जमतात आणि भिंतीला टेकून बसलेली गप्प मुलगी कोरी राहते. हा कागद पाहिल्यावर ताईंना वेगळं काही सांगावं लागत नाही.

चर्चा त्याच दिवशी करा, मुलं घरी गेल्यावर, २० ते ३० मिनिटं. आधी ताईंना नोंद वाचू द्या, त्यांना काय दिसलं ते विचारा. मग जमलेला एक प्रसंग त्यांच्याच शब्दांसकट वाचून दाखवा. 'छान केलंत, पण' ही सुरुवात टाळा. 'पण'च्या आधीचं कुणी ऐकत नाही. शेवटी एकच काम ठरवा, आणि ते मोजता येईल असं: 'रोज खाऊच्या वेळी दोन मुलांशी प्रत्येकी तीन फेऱ्या.' 'मुलांशी जास्त बोला' हे काम नव्हे, उपदेश झाला.

सगळ्यात अवघड जातं ते थांबणं. विज्ञानशिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांच्या विज्ञानाच्या वर्गांत पाहिलं, की प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला त्याहून सवड द्यावी. मनात पाच आकडे मोजायला सांगा. त्या वेळात ताईंना शांतता टोचते आणि त्या स्वतःच उत्तर देऊन मोकळ्या होतात. म्हणून आधी तुम्ही मुलांसोबत करून दाखवा, तोवर ताईंनी तीच तीन रकान्यांची नोंद लिहावी. तुमच्याही चुका त्यात येऊ द्यात.

काही गोष्टी हमखास बिघडतात. 'मोकळे प्रश्न विचारा' असं सांगितलं की ताई 'तुला काय वाटतं?' सगळ्यांना विचारत सुटतात आणि तीन वर्षांचं मूल नुसतं बघत बसतं. त्याच्या हातातल्या गोष्टीबद्दल आधी काही बोलायचं, मग विचारायचं. एका प्रश्नामागे दोन साधी वाक्यं असावीत, नाहीतर गप्पांची उलटतपासणी होते. मूल हिंदीत, कन्नडमध्ये किंवा वडारीत बोललं तर दुरुस्त करू नये. 'पानी गिर गया' म्हणाला, तर 'हो, पाणी सांडलं. कुठून सांडलं?' एवढं पुरे.

'तीस मुलं, दहा बाय बाराची खोली, कधी बोलू?' ही तक्रार खरी आहे. त्यासाठी वेगळा तास काढू नका. हात धुणं, चपला घालणं, सकाळी आल्या आल्या, या वेळा वापरा. त्या वेळी मुलांजवळ मदतनीस असतात, म्हणून चर्चेला त्यांनाही बसवा. पालकांना भरलेली वही हवी असते, हेही ताईंच्या डोक्यावर असतं. २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे, म्हणजे वही भरायची आत्ताच घाई नाही, हे पालकसभेत तुम्हीच सांगा. ताईंवर टाकू नका.

मोबाईलवर चित्रण करायचं तर पालकांची परवानगी घेऊन, तीन-चार मिनिटांचं, ताईंच्याच फोनवर. ग्रुपवर टाकायचं नाही, कौतुकासाठीसुद्धा.

पुढची भेट आठ ते पंधरा दिवसांत, दिवसातल्या त्याच वेळी. फक्त ठरलेलं काम बघा. बाकी काही खटकलं तरी वहीत ठेवा. सलग दोन भेटींत ते सहज होताना दिसलं, की दुसरं काम घ्या. नाही दिसलं तर काम अर्धं करा: दोन मुलांऐवजी एक, तीन फेऱ्यांऐवजी दोन.